दीड तासाची सिगार

मला सवत आली ती लेक शिकायला परदेशी गेल्यावर, आणि तिला मिशा होत्या.

सवत म्हणजे डॉक्टर. मूळचे साताऱ्याकडचे, इथे कुवेतमध्ये एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. बायको-मुलं पुण्यात, ते इथे महबूला भागातल्या फ्लॅटवर एकटे. कुणाच्या तरी घरच्या गणपतीला माझ्या नवऱ्याशी ओळख झाली आणि तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ते आमच्याकडे सालमियाला यायला लागले. शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारी कुणालाच घाई नसते. दारात बूट काढायचे, "काय वहिनी, बरं ना?" म्हणायचं आणि उत्तराची वाट न बघता बाल्कनीत. तिथे माझा नवरा आधीच जाऊन बसलेला. मग खिशातून चामड्याची डबी निघायची आणि डबीतून दोन सिगार.

माझ्या नवऱ्यानं तोवर साध्या बिडीलाही हात लावला नव्हता. इंजिनियर माणूस, सगळी नोकरी पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये गेली, जिथे काडेपेटी घेऊन गेटमधून आत जाता येत नाही. त्याला डॉक्टरांनी शिकवलं. टोक कसं कापायचं, दुसरं टोक आचेवर फिरवत कसं शेकायचं, धूर तोंडात घोळवून सोडून द्यायचा, गिळायचा नाही. इथे दारूला बंदी, म्हणून पुरुषांना एकत्र बसायला काहीतरी निमित्त लागतं. कुणी पत्ते खेळतं, कुणी शीशा, म्हणजे हुक्का, ओढतं. आमच्याकडे सिगार आली. भूलतज्ज्ञ माणसानं तंबाखू हातात द्यावी आणि हवल्लीच्या क्लिनिकमधल्या लॅब टेक्निशियन बाईनं, म्हणजे मी, भजी तळून द्यावीत, म्हणजे सगळं शहाणपण एकाच घरात जमलं होतं.

पण मला धुराचं काही नव्हतं. मला जळफळाट व्हायचा तो हसण्याचा.

बाल्कनीचं दार काचेचं, सरकतं. हिवाळ्यात बाहेर बसायला इतकं छान असतं की दोन इमारतींच्या फटीतून दिसणारी समुद्राची पट्टीसुद्धा मोठी वाटते. आत मी, बाहेर ते दोघं. आणि नवरा हसायचा. पोट धरून, मागे रेलून. असं हसणं मी साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळात ऐकलं होतं. नंतर ते कुठे गेलं याचा मी कधी विचार केला नव्हता, कारण माणूस वयानं गंभीर होतो अशी माझी समजूत होती. घरात तो बोलायचा ते कामापुरतं. पाण्याच्या बाटल्या सांगितल्या का, अकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रिन्यू करायचाय, फोटो काढून घे, आज भाजी काय. आणि काचेपलीकडे तास, सव्वा तास गप्पांचा पूर.

मी दार सरकवलं की दोघं गप्प. भज्यांची बशी ठेवली की डॉक्टर म्हणायचे, वा वहिनी. दार लावलं की मागे परत सुरू. आता माणसं आपल्याला बघून गप्प झाली की ती आपल्याबद्दलच बोलत होती असं वाटणारच. मला वाटायचं.

बाई असती तर निदान भांडता आलं असतं, माहेरी सांगता आलं असतं. नवरा एका मिशाळ माणसाबरोबर सिगार ओढतो याचं गाऱ्हाणं कुणापुढे घालणार? आईला फोनवर सांगून पाहिलं. ती म्हणाली, दारू पीत नाही ना, मग तोंड मिटून बस. लेकीला सांगितलं तर ती नेहमीप्रमाणे इंग्रजीतून म्हणाली, "मॉम, लेट हिम हॅव हिज थिंग." मी म्हटलं, त्याला आहे, मला काय आहे? तर म्हणे तुला तुझ्या सीरियल आहेत. मी सीरियल बघत नाही. कधीच बघितल्या नाहीत. तेवढंही पोरीला माहीत नव्हतं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. नेलंही असतं. पण जानेवारीत संक्रांतीनंतरच्या सुट्टीत आम्ही मराठी मंडळी वाळवंटात कॅम्पला गेलो. हिवाळ्यात इथे सगळेच जातात, तंबू भाड्यानं मिळतात, आत गालिचे अंथरलेले असतात. बायका तिळगुळाचे डबे उघडत होत्या, पुरुष शेगडीभोवती. मी कणसं भाजून घ्यायला गेले तर शेगडीवर डॉक्टर. कणीस फिरवता फिरवता अगदी सहज आवाजात ते मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या नाशिकच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूला आत्ताच सांगून ठेवा. जूनमध्ये तुम्ही जाल तेव्हा तो हलायचा नाही. माझ्या भावाच्या वेळी हेच झालं."

मला काही कळेना. जूनमध्ये आम्ही कुठे जाणार होतो? पण मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, हो ना, सांगायलाच हवं. मग ते आपलेपणानं बोलत राहिले आणि मी कणसाकडे बघत ऐकत राहिले. कंपनीनं नवऱ्याचा करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं होतं. त्याच्या जागी इथलाच, कुवेती इंजिनियर येणार. आपण तक्रार कशाला करायची, देश त्यांचा आहे, त्यांच्या मुलांना नोकऱ्या हव्यातच. तुम्ही दोघांनी छान घेतलंय हो हे सगळं, असं म्हणून त्यांनी कणसाला लिंबू-मीठ चोळून माझ्या हातात दिलं.

खरं सांगते, नोकरी चालल्याचं दुःख मला त्या दिवशी झालं नाही. ते नंतर आलं, सावकाश, रात्री कूस बदलताना वगैरे. त्या दिवशी एवढंच झालं की डॉक्टरांना माहीत होतं आणि मला नव्हतं. माझं घर, माझा संसार, माझ्या लेकीचं शिक्षण, आणि ते सगळं उचलून परत न्यायचं आहे ही बातमी मला परक्या माणसाच्या तोंडून, कणीस खाता खाता कळली. परत येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. नवऱ्यानं विचारलं, थकलीस का? मी म्हटलं, हो.

मी विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं. पण मी विचारायचं नाही असं ठरवलं. डॉक्टरांनी काय त्याला विचारलं होतं? त्यांना आपणहून सांगितलं, तर मलाही आपणहून सांगायला हवं. मागून घेतलेल्याला काय चव? ठरवलं खरं, पण रोज संध्याकाळी मी त्याच्या वाटेवर पाट मांडून बसायचे. ऑफिसात काय चाललंय? चाललंय. नवीन कुणी आलं का? येतात, जातात. यंदा उन्हाळ्यात सुट्टीचं काय करायचं? बघू. आणि गुरुवारी काचेपलीकडून पुन्हा तेच हसणं. पोळ्या लाटताना मी लाटणं इतकं दाबायला लागले की पोळीची आरपार दिसणारी चकती व्हायची. क्लिनिकमध्ये मी रक्त काढताना दुखत नाही म्हणून पेशंट खूश असतात, त्या आठवड्यात दोघांनी हात मागे घेतला.

विचार करकरून मी एका निष्कर्षाला आले. हे सगळं त्या सिगारचं काम. चहा पाच मिनिटांत संपतो. जेवताना समोर टीव्ही. गाडीत याचं लक्ष सिग्नलकडे. पण सिगार पेटवली की उठता येत नाही, घाई करता येत नाही, हातात फोन धरता येत नाही. माणूस बसून राहतो आणि बसून राहिला की बोलतो. बोलायला सिगारच लागत असेल तर सिगारच सही. डॉक्टर पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला जाणार होते, म्हणजे मधले गुरुवार रिकामे होते. मला एवढी संधी पुरे होती.

दुकान आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. सोन्याची दुकानं संपली की कोपऱ्यावर. दारावरून मी हजारदा गेले असेन, आत कधी गेले नव्हते. जमियातून, म्हणजे सहकारी भांडारातून, कोथिंबीर-पुदिना घेऊन तशीच शिरले. आत एक काचेची खोली, तिच्यात लाकडी फळ्या आणि फळ्यांवर उघड्या पेट्यांमध्ये सिगार निजवलेल्या. हवा दमट. नाशिकला श्रावणात कपडे वाळत नाहीत तेव्हा असते तशी. विक्रेता लेबनीज, सूट घातलेला, अत्तर मारलेला, आणि स्वतःच्या इंग्रजीवर खूश. साहेबांना भेट द्यायची आहे का, असं त्यानं विचारलं. नाही म्हटलं. मग मिस्टरांना? मी म्हटलं, मलाच हवी आहे, पहिलीच आहे. त्यानं एकदा माझ्या पिशवीतल्या कोथिंबिरीकडे पाहिलं आणि लगेच चेहरा सावरला. धंद्याचा माणूस.

मग त्यानं शिकवणी घेतली. नवख्यानं फिक्या रंगाच्या पानाची घ्यावी, आखूड घ्यावी, फार जाड नको. दोन बोटांत धरून हलकेच दाबून बघायचं, दगडासारखी लागली किंवा कुरकुर वाजली तर ठेवून द्यायची. वरचं पान चिरलेलं नको. वास घ्या, मॅडम. मी वास घेतला. गोठा, चहाची पूड आणि जुनं कपाट यांचं मिश्रण, पण वाईट नाही. त्यानं माझ्यापुढे तीन ठेवल्या, तिन्ही सौम्य, तिन्ही बोटाएवढ्या.

मी विचारलं, ही किती वेळ चालते? तो म्हणाला, अर्धा तास. दुसरी? तीही तेवढीच, थोडी जास्त. आता जे लग्नाच्या इतक्या वर्षांत निघालं नाही ते अर्ध्या तासात कसं निघणार? नवऱ्याला सुरुवात करायलाच तेवढा वेळ लागतो. मी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे एक होती, काळसर, लांबलचक, चांगली वितीएवढी. ती किती वेळ?

"दीड तास," तो म्हणाला. "पण ती पहिली म्हणून नाही, मॅडम. ती कडक आहे. पहिली म्हणून कुणीच घेत नाही."

चव, सुगंध, पान कुठल्या देशाचं, यातलं त्यानं पुढे बरंच सांगितलं. मी दीड तासापाशीच थांबले होते. चपला घेताना अंगठा दाबून बघावा तशी ती सिगार मी दाबून पाहिली, त्यानं सांगितलं होतं म्हणून, आणि म्हटलं, हीच द्या.

त्यानं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, सोबत एक ओलसर पुडी ठेवली. सिगार सुकू द्यायची नाही, पिशवी उघडू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, असं बजावलं. घरी येईपर्यंत मी ते सगळं लक्षात ठेवलं होतं. घरी आल्यावर मात्र माझ्यातली बाई जागी झाली. ओल म्हटली की माझं डोकं फिरतं. लोणच्यात ओला चमचा गेला की बुरशी, पापडाचा डबा उघडा राहिला की बुरशी, हे ऐकत मी मोठी झाले. लॅबमध्ये तर ओल आणि ऊब मिळाल्यावर काय काय उगवतं ते रोज भिंगाखाली बघते. गुरुवारला अजून चार दिवस होते. ती पुडी मी कचऱ्यात टाकली, सिगार स्वच्छ फडक्यानं पुसली आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. डबा गोड्या मसाल्याचा होता. सासूबाई दर मे महिन्यात मसाला करून देतात, तो डिसेंबरातच संपला होता. डबा मी नीट धुऊन, पुसून ठेवलेला. शिवाय मसाल्याच्या फळीला नवरा जन्मात हात लावत नाही, म्हणजे लपवायलाही तीच जागा उत्तम. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

गुरुवारी नवरा एकटाच बाल्कनीत बसला होता. सिगार पेटवली नव्हती, नुसता इमारतींच्या फटीतल्या समुद्राकडे बघत होता. डॉक्टर नाहीत म्हणून हा इतका उदास! मी गेले होते बाळंतपणाला माहेरी, तेव्हा हा असा बसला असेल का? मी डबा घेऊन बाहेर गेले आणि झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं.

त्यानं आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही कुणासाठी, म्हणाला. मी म्हटलं, माझ्यासाठी. तू तुझी पेटव, मी माझी पेटवते. त्यानं ती उचलून वरची कागदी पट्टी वाचली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही सुरुवातीला ओढायची नसते गं. मी म्हटलं, मला माहीत आहे, कापून दे. त्यानं कापून दिली. शेकूनही दिली, हळूहळू फिरवत, माझ्या तोंडाजवळ धरून. इतक्या जवळून त्याचा चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, आणि मला लगेच वाटलं, डॉक्टरांनाही यानं अशीच शेकून दिली असेल.

मी ओढली. तिखट, कडू, जिभेला चटका. आणि तरी काहीतरी ओळखीचं. मला वाटलं, सिगार अशीच लागत असेल. सिगारचा हा ओळखीचा भाग सगळ्यांनाच आवडत असेल, म्हणून लोक एवढे पैसे देतात.

थोड्या वेळानं नवऱ्यानं नाक वर केलं. खाली कुणाकडे आमटी होतेय का, असं विचारलं. मग माझ्या सिगारच्या धुराकडे बघितलं. माझ्या हातातून ती घेऊन एक झुरका घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "यात दगडफूल आहे. हा आईचा मसाला आहे."

मी डब्याची हकीकत सांगितली. बुरशीची, ओल्या पुडीची, फळीची. आणि तो हसायला लागला. तेच हसणं. पोट धरून, मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काचेच्या बाहेरच्या बाजूनं ते पहिल्यांदाच मला ऐकू येत होतं. आता सिगारला फोडणीही दे, असं म्हणाला. मीही हसले. मला वाटलं, झालं, आता हा बोलणार. धरण फुटलं.

तो बोललाही. आईबद्दल बोलला, मसाला कुटायला बायका यायच्या त्याबद्दल बोलला, लहानपणी तमालपत्र चोरून चघळायचा ते सांगितलं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, पुढे ये, पुढे ये. जूनवर ये. मग तो गप्प झाला. मीही गप्प बसले, कारण विचारायचं नाही असं ठरलं होतं. राख लांब होत होती. सिगार अजून अर्धीही झाली नव्हती, आणि ती संपली की हा उठणार आणि भाजी काय आहे म्हणून विचारणार, या भीतीनं माझा जीव वरखाली होत होता. हातांना काहीतरी करायला हवं म्हणून मी झुरक्यामागून झुरके घेत होते. कधीतरी धूर गिळला गेला. एकदा नाही, बरेचदा.

आधी कानशिलं गार पडली. मग समुद्राची पट्टी जागेवरून हलली. मी उठले आणि न्हाणीघरापर्यंत कशीबशी पोचले.

पुढचं वर्णन करत नाही. नवरा मागून आला, माझे केस धरून ठेवले, पाठीवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघरातून साखर आणून चमच्यानं माझ्या जिभेवर ठेवली. साखर चघळ, म्हणाला, उतरेल. मी फरशीवर भिंतीला टेकून बसले, तो बादली उपडी घालून तिच्यावर बसला. माझं तोंड पांढरं फटक पडलेलं, घाम सुटलेला, केस चिकटलेले. इतक्या थाटात आम्ही बसलो असताना तो म्हणाला, "जूनपासून मला नोकरी नाही. त्यांनी करार संपवलाय."

पहिल्यांदाच ऐकते आहे असा चेहरा करायचा होता. ओकून आलेल्या बाईला त्यासाठी फार मेहनत पडत नाही.

तो सगळं बोलला. कधी बोलावलं, कोण होतं, साहेब किती अवघडला होता, बाहेर आल्यावर याला गाडी कुठे लावली तेच आठवेना. मी मध्ये मध्ये विचारत होते आणि तो सांगत होता. शेवटी मी विचारलंच, आणखी कुणाला माहीत आहे?

"डॉक्टरांना."

"आधी?"

"आधी." खोटं बोलला नाही, हे मी बघून ठेवलं. मग नळाकडे बघत म्हणाला, "त्यांना सांगून काही होत नव्हतं. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

एका वाक्यात डॉक्टरांचा काटा काढता आला असता. त्यांनी मला कणसं भाजता भाजता सांगितलंय, एवढं म्हणायचं होतं. मैत्रीला कायमचा तडा गेला असता आणि गुरुवार माझे झाले असते. वाक्य तोंडात तयार होतं, साखरेबरोबर. पण इतक्या आठवड्यांनी ही गोष्ट त्याच्या तोंडून मला मिळाली होती. ती शिळी होती असं मी त्याला कशाला सांगू? मी ते वाक्य गिळलं आणि विचारलं, लेकीच्या पुढच्या सेमिस्टरची फी भरून झाली का? तो म्हणाला, झाली. मग आम्ही तिथेच बसून बराच वेळ बोललो. त्या रात्री मला शांत झोप लागली.

डॉक्टर परत आले त्या गुरुवारी दार मीच उघडलं. नवरा बाल्कनीत होता. ते बूट काढायला वाकले तेव्हाच मी हळू आवाजात सांगून टाकलं, कॅम्पमध्ये तुम्ही मला जे बोललात ते मला माहीत नव्हतं. आता त्यानं सांगितलंय. तुमच्याकडून आधी कळलं हे त्याला कळू देऊ नका.

ते एका पायात बूट घेऊन तसेच उभे राहिले. माझा समज होता, आता ओशाळतील. पण त्यांचा चेहरा नुसता गोंधळलेला.

"पण वहिनी, त्यानं तर तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला तसंच म्हणाला. तुम्ही त्याला म्हणालात, बरं झालं, आता नाशिकला गेलो की रोज संध्याकाळी दोघं गच्चीत बसू. मी म्हटलं त्याला, तुझ्यासारखा नशीबवान तूच."

मी त्यांच्या हातातली साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची पिशवी घेतली आणि म्हटलं, तो तसं म्हणाला असेल तर बरोबर आहे. ते बाल्कनीत गेले. मी ओट्याशी उभी राहिले. म्हणजे कितीतरी गुरुवार त्या काचेपलीकडे माझ्याच नावाची एक बाई बसत होती. तिला त्यानं सगळ्यात आधी सांगितलं होतं, त्याच दिवशी, घरी आल्या आल्या. ती घाबरली नाही. तिनं फी विचारली नाही. तिला नेमकं काय बोलायचं ते ठाऊक होतं, आणि तिच्याबद्दल सांगताना माझ्या नवऱ्याचा आवाज कसा झाला असेल ते मी ओट्याशी उभी राहून ओळखू शकत होते. डॉक्टरांचा मला इतके दिवस वाटला तो मत्सर यापुढे काहीच नव्हता. त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं मला वाटलं.

मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली, पायानं दार सरकवलं आणि त्या दोघांच्या मध्ये नेऊन ठेवली. कुणी गप्प झालं नाही. नवरा मसाल्याच्या सिगारची गोष्ट सांगत होता, ती त्यानं पुरती रंगवून सांगितली, डॉक्टर हसून हसून खोकले. खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या. नवरा समोर बघत म्हणाला, "जून काय, आलाच आता."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. त्या बाईची बोलायची पाळी होती, आणि तिचं वाक्य मला पाठ झालं होतं. तोंड उघडलंही.

"या बाल्कनीतल्या खुर्च्या न्यायच्या," मी विचारलं, "की इथेच विकायच्या?"

नवऱ्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "न्यायच्या," तो म्हणाला.